तेल काळे का पडते

ही गोष्ट फार जुनी नव्हे. तिच्यात एक मोटार आहे, यावरूनच ते ध्यानात येईल.

घाटमाथ्यावरच्या एका पठारावर एक छोटासा आश्रम होता. वर्षातले बरेच महिने तिथे ढग इतके खाली उतरत की खिडकी उघडी राहिली तर ते सरळ खोलीत येऊन अंथरुणावर बसत. आश्रमात एक वृद्ध गुरुजी संस्कृत शिकवीत. शिकायला येणारी माणसे बहुधा प्रौढ असत. कुणी नोकरीतून निवृत्त झालेले, कुणी आपला दवाखाना काही महिने बंद ठेवून आलेले, कुणी संसारातून थोडी उसंत काढून आलेल्या बायका. गुरुजींचा आवाज मृदू होता. ते श्लोक म्हणू लागले की बाहेरचे धुके आणि आतला अर्थ यांतला फरक हळूहळू पुसट होई, आणि ऐकणाऱ्याला वाटे, आपण झोपेत नाही आणि जागेही नाही, पण जिथे आहोत तिथे फार बरे आहे. खाली परत गेलेली माणसे पुढे कित्येक वर्षे म्हणत, तिथे काय शिकलो ते विसरलो, पण ती शांतता विसरलो नाही.

गुरुजींचा पट्टशिष्य हेरंब. तो विद्यार्थी म्हणून आला आणि राहून गेला. नवख्यांना व्याकरण शिकवणे आणि गुरुजींना कुठे जायचे असल्यास मोटारीतून नेणे ही त्याची कामे. बाकी सारे, म्हणजे स्वयंपाक, पाणी, अंथरूण-पांघरूण, आल्यागेल्याचे आणि आजारीपाजारी माणसाचे, द्वारकाताई पाहत. त्या तरुणपणीच विधवा झाल्या, आश्रमात आल्या आणि तेव्हापासून तिथेच होत्या.

या द्वारकाताईंची जीभ हल्ली तिखट झाली होती. कुणी पाणी गरम नाही म्हटले की त्या म्हणत, "मग डोंगराला सांगा तापायला." कुणी चादर बदलून मागितली तर चादर मिळे, पण तिच्याबरोबर दोन शब्दही मिळत. मागल्या हिवाळ्यात एका डॉक्टरीणबाईंनी शेजारणीच्या घोरण्याची तक्रार केली. द्वारकाताईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "तुम्हाला झोप येत नाही हे तिच्या नाकावर कशाला ढकलता?" त्या बाई त्याच दिवशी सामान बांधून खाली उतरल्या. त्यांच्या मागोमाग आणखी दोघे गेले.

हेरंबाला हे फार लागले. हा आश्रम टिकावा असे त्याला मनापासून वाटे, आणि एका बाईच्या जिभेपायी तो रिकामा होत चालला आहे, हे त्याला दिसत होते. त्याने पुष्कळ दिवस विचार केला आणि शेवटी गुरुजींना सांगितले, की आता द्वारकाताईंना निरोप द्यावा. खालच्या गावातले लाकडाचे एक व्यापारी आश्रमाचे अध्यक्ष होते. त्यांच्याशी बोलून हे ठरवावे लागणार होते. गुरुजी म्हणाले, "जाऊ. मीही येतो."

पौषातल्या एका सकाळी दोघे निघाले. मोटार जुनी होती. व्यापाऱ्याने नवी घेतली तेव्हा ही आश्रमाला दिलेली. तिच्या काचेखालच्या फळीवर, वेग दाखवणाऱ्या काट्याच्या बाजूला, एक पिवळा दिवा कधीपासून जळत असे. इंजिनाचे चित्र असलेला. हेरंबाने एकदा गाडी बंद करून पाहिली, पुन्हा चालू करून पाहिली. दिवा जाईना, आणि गाडी तर नीट चालत होती. गाडी चालवताना नजर सारखी तिकडे जाई आणि मन उगीच अस्वस्थ होई, म्हणून त्याने त्यावर काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा डकवून टाकला होता. त्यानंतर त्याला बरे वाटले होते.

घाटात त्या दिवशी दाट धुके होते. रस्ता पुढे थोडासा दिसे आणि मागे लगेच मिटून जाई. झाडे एकेक करून पुढे येत, गाडीकडे पाहत आणि पुन्हा नाहीशी होत. हेरंब सावकाश चालवत होता आणि व्यापाऱ्याशी काय बोलायचे ते मनाशी जुळवत होता.

पहिल्या मोठ्या वळणावर एक लाल दिवा लागला. तेलाच्या चिमुकल्या झारीचे चित्र आणि तिच्या तोटीला लोंबणारा एक थेंब. हा दिवाही हेरंबाच्या ओळखीचा होता. अलीकडे तो वळणावर लुकलुके आणि रस्ता सरळ झाला की विझून जाई. आज रस्ता सरळ झाला, पण दिवा विझला नाही.

"हेरंबा, ते लाल काय लागलंय?" गुरुजींनी विचारले.

"काही नाही गुरुजी. ऑइलचा दिवा आहे. जाईल आपोआप."

"गाडी थांबव."

"खाली पोचल्यावर दाखवू ना. शेठजी वाट बघत असतील."

"त्यांना वाट बघता येते. तू थांबव."

हेरंबाने कडेला जागा पाहून गाडी घेतली आणि इंजिन बंद केले. इंजिन थांबताच भोवतीची शांतता एकदम जवळ आली. त्याने बॉनेट उघडले, थोडे थांबून ऑइल मोजायची पट्टी बाहेर ओढली. पट्टीच्या अगदी टोकाला थोडेसे काही लागले होते. ते डांबरासारखे काळे होते, आणि बोटांत चोळले तर कचकच लागत होते. गाडी पुढे नेण्यात अर्थ नव्हता. इतक्यात धुक्यातून दुधाचा एक टेम्पो आला. त्याचा चालक ओळखीचा निघाला. घाटाच्या पायथ्याशी गॅरेज होते, तिथल्या मिस्त्रीला वर पाठवतो, एवढे सांगून तो पुन्हा धुक्यात शिरला.

मग थांबण्यावाचून काही उरले नाही. दोघे मोटारीत बसून राहिले. काचांवर पाणी साचून ओघळत होते. कुठेतरी खाली, दिसत नसलेल्या दरीत, गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"आता वेळ आहे," गुरुजी म्हणाले. "द्वारकाताईंबद्दल तुझं जे काही म्हणणं आहे, ते इथेच सगळं सांग."

हेरंबाने सांगितले. काही राखून ठेवले नाही. डॉक्टरीणबाईंचे सांगितले, चादरीचे सांगितले, एका वृद्ध गृहस्थांना त्यांनी सगळ्यांदेखत कसे गप्प केले ते सांगितले. सांगताना त्याला जाणवले, की आपण खोटे काही बोलत नाही. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते.

"आणि तू पहिल्यांदा आलास तेव्हा?" त्यांनी विचारले. "तेव्हा त्या कशा होत्या?"

हेरंब थांबला. त्याला आपला आश्रमातला पहिला हिवाळा आठवला. त्याला ताप भरला होता. तापात छत वर-खाली होत होते आणि कपाळावर कुणीतरी ओल्या फडक्याच्या घड्या बदलत होते. त्या घड्या बदलताना ते माणूस हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत होते, दळताना बायका गुणगुणतात तसे. रात्र कधी संपली ते त्याला कळले नव्हते. डोळे उघडले तेव्हा द्वारकाताई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "पेज करते. आज अंघोळ नाही करायची हं बाळा."

"तेव्हा त्या वेगळ्या होत्या," तो म्हणाला.

"मग काय झालं?"

"माणसं बदलतात, गुरुजी."

गुरुजींनी डोळे उघडले आणि समोरच्या पांढऱ्या पोकळीकडे पाहिले.

बऱ्याच वेळाने मिस्त्री घमेले आणि तेलाचा डबा मोटारसायकलला बांधून आला. त्याने पट्टी पाहिली, मग गाडीखाली घमेले सरकवले, पान्याने तेलाच्या चेंबरचा नट ढिला केला. काळे तेल बारीक धारेने घमेल्यात उतरू लागले. पावसाच्या पन्हळीखाली उभे असल्यासारखे तिघे ते पाहत होते.

"किती काळं झालंय," हेरंब नाक मुरडून म्हणाला. "म्हणजे तेलच खराब असणार."

"तेल काळं होतंच," मिस्त्री म्हणाला. "न झालं तर समजायचं, घाण काही उचलतच नाही. पण तुम्ही बदललं नाही, आणि कमी झालं तर वरून घातलंही नाही. असंच खाली नेलं असतं तर इंजिन जाम झालं असतं." मग त्याने आत डोकावून चिकटपट्टीचा तुकडा पाहिला. "आणि या पट्टीखाली जो दिवा जळतोय, त्यासाठी गाडी गॅरेजात आणून दाखवा. पट्टी मात्र काढा."

त्याने नवा फिल्टर बसवला, नट घट्ट केला, डब्यातून नवे तेल ओतले. ते मधासारखे सोनेरी होते. गाडी चालू केली, लाल दिवा क्षणभर लागून विझला, आणि इंजिनाचा आवाज इतका मऊ झाला की हेरंबाला तो ओळखू येईना.

मिस्त्री घमेल्यातले जुने तेल कॅनमध्ये भरून न्यायला वाकला, तेव्हा गुरुजी खाली उतरले. "जरा थांबा," ते म्हणाले. घमेल्यासमोर ते आपल्या पांढऱ्या धोतरासकट रस्त्यावर खाली बसले. त्यांनी त्या काळ्या तेलात करंगळीचे टोक बुडवले, ते कपाळाला लावले, आणि दोन्ही हात जोडून त्या घमेल्याला नमस्कार केला.

मिस्त्री ओशाळून हसला. हेरंबाला कुठे पाहावे ते कळेना. देवळात तीर्थ घ्यावे तसे हे काय, असे त्याच्या मनात आले, पण गुरुजींच्या चेहऱ्यावर असे काही होते की विचारवले नाही. गाडी पुन्हा उताराला लागल्यावर तो एवढेच म्हणाला, "गुरुजी, मीही तेच म्हणतोय. वेळ झाली की बदलायला हवं."

"बदलू," गुरुजी म्हणाले.

व्यापाऱ्याच्या घरी दुपार झाली. गुरुजींनी पाणी घेतले आणि शांतपणे सांगितले, की द्वारकाताई आता सगळ्या कामातून मोकळ्या व्हाव्यात आणि कोकणात भावाकडे जाऊन राहाव्यात. हेरंबाच्या मनावरचे ओझे उतरले. मग गुरुजी पुढे म्हणाले, "त्यांच्या जागी दुसरं कुणी शोधू नये. त्यांचं सारं काम हेरंब बघेल. व्याकरण मी शिकवीन."

व्यापाऱ्याने हेरंबाकडे पाहिले. हेरंब गडबडला, पण नाही म्हणायला कारण सापडेना. काम तरी काय होते? पाणी तापवणे आणि जेवणाची वेळ सांभाळणे. ते तर तो गोड बोलूनही करू शकला असता.

द्वारकाताई गेल्या त्या दिवशीही धुके होते. गुरुजींनी त्यांना सांगितले, "ताई, तुम्ही विश्रांती घ्या. पुष्कळ केलंत." पण बाकीचे सारे ओसरीवर खाली माना घालून उभे होते, आणि त्या खाली घातलेल्या मानांनी जे सांगितले तेच द्वारकाताईंना ऐकू आले. त्यांनी कुणाला काही विचारले नाही. फक्त हेरंबाला म्हणाल्या, "मागच्या खोलीतल्या आजोबांना दही देऊ नकोस रे, त्यांना खोकला आहे." पिशवी उचलली आणि फाटकाबाहेर उभ्या असलेल्या एसटीत जाऊन बसल्या. हेरंबाला वाटले, काहीतरी बोलावे. पण बस हलली आणि पठारावरच्या पांढरेपणात विरघळून गेली.

सुरुवातीचे दिवस फार छान गेले. हेरंब हसतमुखाने वावरे. ज्याला गरम पाणी हवे त्याला स्वतः बादली नेऊन देई. लोक म्हणत, आता कसे मोकळे वाटते. आश्रमात हवा खेळू लागल्यासारखे झाले.

मग हळूहळू त्याला एक नवीच गोष्ट कळू लागली. तोवर त्याने आश्रमाला एक मन आहे असे समजले होते. आता दिसले की तिथे जितकी माणसे तितकी मने होती आणि ती दिवसभर एकमेकांवर घासत होती. ज्याला खिडकी उघडी हवी होती त्याला, खिडकी बंद हवी असणाऱ्याच्या शेजारी झोपायचे होते. एक बाई पहाटे उठून स्तोत्र म्हणत, आणि त्यांच्या खोलीतल्या दुसऱ्या बाई स्तोत्राच्या आवाजाने उठून रडत, कारण त्यांच्या गेलेल्या आईला तेच स्तोत्र आवडे. एक निवृत्त साहेब पंगतीत आधी वाढले नाही म्हणून जेवत नसत. यांतले कुणीही वाईट नव्हते. प्रत्येकाचे दुःख खरे होते. पण ते सारे स्वयंपाकघराच्या दाराशी येई. गुरुजींच्या खोलीपर्यंत त्यातले काही जात नसे. तिथे फक्त श्लोक चालू असत.

हेरंब प्रत्येकाचे ऐके. ऐकून दोघांमध्ये उभा राही. एकाचा राग दुसऱ्यापर्यंत जाऊ नये म्हणून तो राग आपल्यापाशी ठेवून घेई. "नाही हो, ते तसं म्हणाले नव्हते," असे दिवसातून कितीदा म्हणे. त्याने त्यांच्या तोंडून ते तसेच ऐकलेले असे. रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवसभर घेतलेले सगळ्यांचे शब्द त्याच्या आत फिरत राहत. झोप लागे तीही पातळ. सकाळी तो उठे तेव्हा त्याला आपण धुतलेले नाही असे वाटे, अंघोळ करूनही.

फाल्गुन गेला. चैत्रात पठारावर ऊन आले. एका दुपारी मागच्या खोलीतले आजोबा ताटावर बसून म्हणाले, "आज थोडं दही मिळेल का?" त्यांनी ते अगदी हळू विचारले होते.

"दही, दही, दही," हेरंब म्हणाला. त्याच्या हातातले पातेले ओट्यावर आपटले गेले. "इथे कुणाला खोकला, कुणाला झोप, कुणाला मान. मी काय सगळ्यांच्या जन्माला पुरायचं का?"

पंगत स्तब्ध झाली. हेरंबाने स्वतःचा आवाज ऐकला. तो त्याचा नव्हता. शब्द, सूर, पातेले आपटण्याची ती तऱ्हा, सारे द्वारकाताईंचे होते. आजोबांनी मान खाली घातली आणि नुसत्या वरणभाताचा घास घेतला.

हेरंब मागच्या दाराने बाहेर पडला आणि पठारावर चालत राहिला. ऊन कलले. वारा गवतातून लाटा काढत होता, आणि त्या लाटांकडे पाहता पाहता त्याला एक मोठी, सावकाश शरम वाटू लागली. आजोबांच्या बाबतीत वाटली, पण त्याहून अधिक त्या बाईच्या बाबतीत वाटली, जिने हे सारे कित्येक वर्षे अंगावर घेतले होते. तिच्या तोंडून शेवटी ते बाहेर येऊ लागले, तेव्हा त्याला फक्त तिचे तोंड दिसले होते.

संध्याकाळी तो गुरुजींपुढे जाऊन बसला. खोलीत दिवा लावलेला नव्हता. गुरुजी खिडकीशी होते.

"आज मी आजोबांवर ओरडलो," तो म्हणाला.

"ऐकलं."

"गुरुजी, ही माझ्याच्याने होणारी गोष्ट नाही."

"कुणाच्यानेच एकट्याने होणारी नाही," गुरुजी म्हणाले. मग ते सविस्तर सांगू लागले.

"त्या दिवशी घाटात मी तेलाला नमस्कार केला, तेव्हा तुला लाज वाटली. तू विचारलं नाहीस. आता सांगतो. इंजिनात लोखंडावर लोखंड फिरतं. त्या फिरण्याची धग आणि काजळी कुणीतरी अंगावर घ्यावी लागते, नाहीतर लोखंडच लोखंडाला खाईल. तेल ती घेतं. म्हणून ते काळं पडतं. ते काळं पडलं याचा अर्थ इतकाच, की बाकीचं सारं अजून धड आहे. आपण पट्टी ओढतो, काळं पाहतो, आणि नाक मुरडतो. हेरंबा, या आश्रमात इतकी वर्षं माझ्या कानांवर एक भांडण आलं नाही. मला वाटायचं, हा माझ्या विद्येचा गुण आहे."

गुरुजी खिडकीकडून त्याच्याकडे वळले.

"द्वारकाताईंची जीभ तिखट होऊ लागली, तो दिवा होता," गुरुजी म्हणाले. "दिवा लागला की गाडीत काहीतरी कमी पडलंय असं समजून थांबायचं असतं. आपण दिव्यावरच रागावलो."

"पण मग तुम्ही त्यांना जाऊ का दिलंत? तेलासारखं बदलायचंच होतं तर..."

"तेल ओतून टाकतात, कारण ते पुन्हा निवळत नाही. माणूस निवळतो. त्याला थोडा काळ कुणी ढवळलं नाही, तर तळाशी सारं बसतं आणि वर पुन्हा स्वच्छ होतं. दृष्टांत तिथवरच न्यावा, जिथून पुढे तो माणसाला इजा करत नाही. मी त्यांना विश्रांतीला पाठवलं. त्यांना वाटलं, हाकललं. तेवढं माझं चुकलं. ते मी तुझ्याकडून दुरुस्त करून घेणार आहे. उद्या गाडी काढ आणि त्यांच्याकडे जा."

"परत बोलवायला?"

"नाही. खरं काय ते सांगायला. यायचं की नाही ते त्या ठरवतील. आल्या तरी त्यांनी एकटीने हे उचलायचं नाही. पंगतीत जे जेवतात ते सगळे पाळीपाळीने उचलतील. मीसुद्धा."

"आणि उद्यापासून इथलं?"

"इथलं होईल. तू नीघ."

हेरंब दुसऱ्या दिवशी घाट उतरला आणि खाडीकाठच्या त्या गावी पोचला. सगळीकडे आंब्याचा वास होता. समुद्रावरून येणारा वारा इतका ओलसर आणि कोमट होता की त्याला वाटले, आपण एखाद्याच्या श्वासातून चाललो आहोत. द्वारकाताईंच्या भावाचे घर विचारत तो गेला. त्यांची वहिनी म्हणाली, "वन्सं खाडीवर आहेत. रोज बसतात तिथे."

त्या धक्क्याच्या पायरीवर बसल्या होत्या. पाय पाण्यात होते. भरती येत होती आणि पाणी त्यांच्या घोट्यांना लागून मागे जात होते. हेरंबाची सावली पडली तेव्हा त्यांनी वर पाहिले. त्यांचा चेहरा बदलला होता. काय बदलले ते त्याला सांगता आले नसते, पण तापातल्या त्या पहाटे भिंतीला टेकून बसलेला चेहरा पुन्हा वर आल्यासारखा होता.

"बस," त्या म्हणाल्या. "किती वाळलास रे."

तो एक पायरी सोडून बसला. काय बोलायचे ते त्याने घाटभर जुळवले होते, पण त्यातले काही आठवेना.

"ताई, तुम्हाला काढा असं मी सांगितलं होतं. गुरुजींनी नाही. मी."

"माहीत होतं मला."

"मला काही दिसलं नव्हतं. तुमचं काम मी केलं, तेव्हा दिसलं."

द्वारकाताईंनी पाण्याकडे पाहिले. एक होडी खाडीच्या मध्यावर होती. ती पुढे जात होती की नुसतीच तरंगत होती, ते कळत नव्हते.

"मला आधी फार राग आला," त्या म्हणाल्या. "इथे आले तर वहिनी मला चुलीपाशी येऊ देईना. बसा म्हणाली. मला बसता येईना. मग झोप आली. इतकी झोप आली, की सकाळी झोपले, दुपारी झोपले, दिवेलागणीलाही झोपले. घरात सगळ्यांना वाटलं, हिला काहीतरी झालंय. मग एक दिवस जागी झाले, आणि कुणावरच राग नव्हता. शोधला, पण सापडेना."

त्यांच्या आवाजात कसलीही धार नव्हती. हेरंबाच्या डोळ्यांत पाणी आले, ते त्याने येऊ दिले. मग त्याने गुरुजींचा निरोप सांगितला, पाळीपाळीने काम करण्याचे सांगितले, आणि यायचे की नाही ते सर्वस्वी त्यांच्यावर आहे, हेही सांगितले. त्यांनी सारे ऐकले.

"आत्ता तिकडे कोण बघतंय?" त्यांनी विचारले.

"गुरुजी."

"कोण?"

"गुरुजी. सकाळी मी निघालो तेव्हा ते कासोटा खोचून चुलीपुढे बसले होते. त्यांच्या एका बाजूला डोंबिवलीचे साहेब, दुसऱ्या बाजूला नाशिकच्या काकू, आणि आमटीत गूळ घालायचा की नाही यावरून दोघांची जुंपली होती. दोघंही न्याय मागायला त्यांच्याकडेच वळत होते."

द्वारकाताईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या. आवाज न करता, खांदे हलवत, पुष्कळ वेळ हसत राहिल्या. हेरंबाने त्यांना इतक्या वर्षांत असे हसताना पाहिले नव्हते. हसणे ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि पाय आणखी थोडे खोल पाण्यात सोडले.

"यायचं आहे मला," त्या म्हणाल्या. "पण मग अजून थोडे दिवस राहते."

भरतीचे पाणी वरच्या पायरीला लागले. दोघांपैकी कुणीही उठले नाही.

आपल्याही घरात एखादा आवाज हल्ली चढू लागला असेल. त्याला उत्तर देण्यापूर्वी, ते माणूस पोटभर झोपले त्याला किती दिवस झाले, एवढे विचारून पाहावे.